खाणीशेजारचं पाणी: विहिरीत टेप सोडावा की पिझोमीटरमध्ये यंत्र बसवावं?

नागपूर जिल्ह्यात सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा या पट्ट्यात कोळसा जमिनीखालून काढतात. वर संत्र्याच्या बागा आणि गावाच्या विहिरी, खाली वेकोलीच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणी आणि पाणी उपसणारे पंप. विहिरीनं तळ गाठला की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो खाणीनं पाणी ओढलं, दुसरा म्हणतो बागांच्या बोअरनी. हा वाद मोजणीशिवाय सुटत नाही. ती मोजणी कशी करायची, हे ज्या ग्रामपंचायतीला ठरवायचं आहे तिच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिला मार्ग सोपा आहे. गावातल्या वापरात असलेल्या विहिरी निवडायच्या, कठड्यावर ऑइलपेंटनं खूण करायची आणि त्याच खुणेपासून टेपनं पाण्यापर्यंतची खोली मोजायची. सकाळी पंप सुरू होण्याआधी, दर वेळी त्याच सुमारास. खर्च नगण्य, आणि गावचं पाणी सांभाळणारा जलसुरक्षक हे काम सहज करू शकतो. दुसरा मार्ग पिझोमीटरचा. म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठी खोदलेली, पंप नसलेली बोअर. तिच्यात पाण्याचा दाब ओळखून दर काही तासांनी नोंद करणारं यंत्र सोडतात. इथे यंत्रापेक्षा खोदाईचा खर्च जड जातो.

लोक साधारणपणे टेप आणि यंत्र यांची तुलना करतात. माझ्या मते आधी तुलना खोलीची व्हायला हवी. गावची विहीर दहा-पंधरा मीटरची. ती मुरमातलं, वरच्या झिजलेल्या खडकातलं पाणी दाखवते. कोळसा त्याच्या कितीतरी खाली, बराकर नावाच्या कोळसा असलेल्या थराच्या वालुकाश्मात असतो. मध्ये शेलचे, चिकणमातीचे थर आडवे येतात. खाणीच्या उपशानं खालच्या वालुकाश्मातला दाब वर्षानुवर्षं उतरत राहतो आणि वरच्या विहिरीची पातळी मात्र जागची हलत नाही. मग डिपिलरिंग सुरू होतं, आधाराचे कोळशाचे खांब काढले जातात, छत कोसळतं, भेगा वर सरकतात. त्या वरच्या थरापर्यंत पोचल्या तर विहिरीची पातळी काही दिवसांत खाली जाते. फक्त विहिरी मोजणाऱ्याला याची आगाऊ सूचना मिळत नाही. म्हणून खोल पिझोमीटरमध्ये हातानं सोडलेला टेप हा उथळ विहिरीतल्या महागड्या यंत्रापेक्षा केव्हाही चांगला.

पिझोमीटर खोदताना एक चूक फार महागात पडते. वरपासून खालपर्यंत सलग जाळीचा पाइप घातला तर दोन्ही थरांचं पाणी एकत्र येतं, आकडा कुठल्याच थराचा उरत नाही, आणि वरचं पाणी त्याच भोकातून खाली उतरत राहतं. जाळी फक्त वालुकाश्मासमोर हवी, वरचा भाग सिमेंटनं किंवा बेंटोनाइटनं (पाण्यात फुगणाऱ्या मातीनं) बंद हवा. ठेकेदाराकडून थरांची नोंद लेखी घ्या.

आता यंत्राचा खरा फायदा. अनेक कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत पातळी वर्षातून ४ वेळा मोजायची अट असते: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. जूनमध्ये विहिरीची पातळी दोन मीटर उतरली आणि पावसानं तितकीच भरली, तर ऑगस्टचा आकडा काहीच बोलणार नाही. यंत्राचा आलेख बोलतो. शेतीच्या पंपाच्या प्रभावाखालची बोअर करवतीच्या दात्यांसारखा आलेख काढते: थ्री-फेज लाइन आली की पातळी उतरते, गेली की सावरते, आणि लाइनची पाळी दिवसाची रात्रीवर गेली की दातेही सरकतात. खाणीचा उपसा लाइनच्या पाळीवर चालत नाही. त्याचा उतार संथ असतो आणि रात्रीही थांबत नाही. बागांच्या गावात हा फरक दाखवणं टेपला जमत नाही. पण यंत्र बसवलं म्हणून टेप सुटत नाही. हवेचा दाब बदलला की साध्या यंत्राचा आकडा काही सेंटीमीटर हलतो, सेन्सरही हळूहळू चुकू लागतो. दर महिन्याला हातानं पडताळणी लागतेच.

गुणवत्तेचा प्रश्न तुलनेनं लवकर सुटतो. जलजीवन मिशनची चाचणी पेटी गावात असेलच. तिच्यात पीएच, कठीणपणा, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट कळतात. पण खाणीचा ठसा ओळखायला सल्फेट लागतं, आणि ते तिच्यात आहे का हे आधी पाहा. नुसत्या पीएचवर विसंबू नका. मेघालयात कोळशात गंधक जास्त, म्हणून तिथं खाणींलगतचं पाणी आम्लधर्मी होतं. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी. पीएच ७च्या आसपास राहूनही सल्फेट आणि कठीणपणा चढू शकतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे सल्फेटची मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ४००. तेव्हा दर महिन्याला खिशातल्या मीटरनं विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते) बघा, आणि मे व नोव्हेंबरमध्ये नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. लोहाच्या नमुन्याला जागेवरच आम्ल घालावं लागतं; नाहीतर लोह बाटलीच्या तळाशी बसतं आणि अहवालात कमी दिसतं.

मला निवडायचं असतं तर मी एकच खोल पिझोमीटर यंत्रासह घेतला असता, डिपिलरिंग होणार असलेल्या भागाच्या गावाकडच्या बाजूला. सोबत पाच-सहा विहिरींवर दर आठवड्याला टेप, आणि त्यातली एक विहीर खाणीपासून बरीच दूर, पण त्याच खडकातली. ही दूरची विहीर कधीच गाळू नका. दुष्काळात तीही उतरेल. ती स्थिर असताना जवळच्या उतरल्या, तरच खाणीकडे बोट दाखवता येईल. पैसे अजिबात नसतील तर खाणीच्या स्वतःच्या पिझोमीटरचे आकडे मागा. पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्याचा, म्हणजे अनुपालन अहवाल खाणीला दर ६ महिन्यांनी द्यावाच लागतो. सरासरी नको, तारखेसह प्रत्येक नोंद आणि पिझोमीटरची खोली मागा.

आणि सुरुवात डिपिलरिंगच्या आधी किमान एक पूर्ण वर्ष, मे ते मे. नंतर बसवलेल्या यंत्राला पाणी आधी कुठे होतं हे सांगता येत नाही.