फ्रीकॅड १.० : पृष्ठांची ओळख आता टिकते

सॉलिड मॉडेलमधील, म्हणजे संगणकावर घडवलेल्या त्रिमितीय वस्तूतील भोक, खाच किंवा गोलाई आधीच्या एखाद्या पृष्ठावर अथवा कडेवर बेतलेली असते. म्हणून ते पृष्ठ नेमके कोणते, हे सॉफ्टवेअरला नंतरही ओळखता येणे अत्यावश्यक आहे. फ्रीकॅड या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या ‘फेस ६’ (सहावे पृष्ठ), ‘एज ३’ (तिसरी कड) अशा क्रमांकांवरच विसंबत असत. त्यामुळे मूळ स्केच, म्हणजे ज्यातून वस्तू उभी राहते ते सपाट रेखाटन, बदलले की क्रमांक सरकत आणि भोक भलत्याच पृष्ठावर जाऊन बसे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत पृष्ठ कोणत्या रेषेपासून आणि कोणत्या क्रियेने निर्माण झाले, याची नोंद त्याच्या अंतर्गत नावातच ठेवली जाते आणि तिच्या आधारे संदर्भ पुन्हा जुळवला जातो. एका ब्रॅकेटच्या स्केचमध्ये मी मागाहून खाच वाढवली, तेव्हा वरची चारही भोके जागची हलली नाहीत, याचे मला मनापासून समाधान वाटले. गोलाई दिलेली कडच नाहीशी झाली, तर मात्र संदर्भ हाताने जोडावा लागतो. म्हणून महत्त्वाची स्केचेस वस्तूच्या पृष्ठांऐवजी स्थिर आधारप्रतलांवर काढण्याची जुनी सवय सोडू नये.

बाहेरून आणलेल्या स्टेप फाइलची (निरनिराळ्या आरेखन सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याच्या फाइल-प्रकाराची) गोष्ट वेगळी आहे. तिच्यात रचनेचा इतिहास नसतो, त्यामुळे वस्तू एकसंध ठोकळा म्हणून उघडते आणि भोकांचे व्यास थेट बदलता येत नाहीत. ‘डीफीचरिंग’ या सोयीने निवडलेली पृष्ठे काढून भोक बुजवता येते, पण ती पृष्ठे ओळखण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. ज्यांचे बहुतेक काम अशा फाइलींवर चालते, त्यांना ही उणीव रोज जाणवेल; स्वतःची मॉडेल्स घडवणाऱ्यांना मी हे विनामूल्य सॉफ्टवेअर निःशंकपणे सुचवीन.