रोमन चांदीची नाणी ओळखायला ‘ओसीआरई’: कुठे कामी येतं, कुठे थांबतं

‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’, म्हणजेच ओसीआरई, ही न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीची फुकट वापरता येणारी सूची. यात नाणी आहेत ती पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासून पुढची. सीझरचं हत्तीचं नाणं किंवा ब्रूटसचं दोन खंजिरांचं नाणं इथे शोधू नका. ती सीआरआरओ या सम्राटांआधीच्या प्रजासत्ताककाळाच्या सूचीत, क्रमांक ४४३/१ आणि ५०८/३ वर मिळतील.

सूचीचा कस बघायला भारतात भरपूर सापडलेलं एक नाणं घ्या: ऑगस्टसचा गायस-लुसियस डिनेरियस (डिनेरियस म्हणजे रोमन चांदीचं नाणं), ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या संदर्भग्रंथाच्या पहिल्या खंडातला क्रमांक २०७. आधी सम्राट निवडा, मग डिनेरियस, मग टांकसाळ लुग्डुनुम (आजचं ल्यों). नाणं झिजलेलं असेल तर त्यावर कोरलेल्या लेखापासून सुरुवात करू नका, एक अक्षर चुकलं तरी शोध फसतो. लेख टाकायचाच तर ‘यू’च्या जागी ‘व्ही’ टाका, नाण्यावर तसंच कोरलेलं असतं.

मागच्या बाजूला टोगा हा रोमन पेहराव घातलेले दोन तरुण, गायस आणि लुसियस, उभे आहेत, मध्ये ढाली आणि भाले. खरी गंमत त्यांच्या वरच्या दोन चिमुकल्या वस्तूंत आहे. एक सिम्पुलम: देवापुढे द्राक्षासव ओतायची लांब दांड्याची पळी, आपल्या पंचपात्रातल्या पळीची बहीणच. दुसरी लिटुअस: टोक वळलेली काठी, पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या ऑगरची. गायस पोंटिफेक्स म्हणजे पुरोहित होता, म्हणून पळी; लुसियस ऑगर, म्हणून काठी. ऑगस्टसने या दोन नातवांना दत्तक घेतलं होतं. आपल्यामागे कोण, हे त्याने पूजेच्या उपकरणांतून साऱ्या साम्राज्याला सांगितलं.

सूची मात्र ‘सिम्पुलम, लिटुअस’ एवढंच सांगून थांबते. त्यामागचं कारण तुम्हालाच शोधावं लागतं आणि नवख्या माणसाला ही मोठी अडचण वाटते. पळी डावीकडे की उजवीकडे यावरूनही क्रमांक बदलतो, म्हणून फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, हे आधी तपासा.

वेगवेगळ्या संग्रहांतल्या नगांचे फोटो आणि वजनं एकाच पानावर मिळतात, ही मला सर्वांत मोलाची सोय वाटते. ऑगस्टसच्या डिनेरियसचं ठरलेलं वजन सुमारे ३.९ ग्रॅम. तुमचा नग फारच हलका भरला तर कडेला तांबं डोकावतंय का ते भिंगातून बघा. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी तेव्हाही निघत. वजन जुळलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही. भारतात या प्रकाराच्या नकलाही झाल्या. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या दिसल्या तर २०७ हा क्रमांक लावू नका.