दाभोळ–धोपावे जंगलजेटी: पायी प्रवाशाचा अभिप्राय

जंगलजेटीवरचे, म्हणजे गाड्या-माणसं पलीकडे नेणाऱ्या इथल्या फेरीबोटीवरचे, जे जे अभिप्राय वाचले ते सगळे गाडीवाल्यांचे. गाडी कशी आरामात चढली, वरून सूर्यास्त कसा झकास दिसला. मी गुहागरची. घरात गाडी नाही, आणि वर्षातून सात-आठ वेळा ही खाडी पायी ओलांडते.

आधी बोटीचं, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. दापोलीला रस्त्याने जायचं म्हणजे चिपळूण, खेड करत शंभरेक किलोमीटर. 2003 साली दापोलीकडचं दाभोळ ते आमच्याकडचं धोपावे अशी फेरी सुरू झाली आणि वाशिष्ठीची खाडी दहा-पंधरा मिनिटांची झाली. लोखंडी दार उतारावर टेकतं, दुचाक्या भुर्रकन सुटतात, मग मोटारी, मग आम्ही. खलाशी नुसत्या हाताच्या खुणांनी मोटारी अशा लावून घेतात की दोन आरशांत बोटभर अंतर राहतं. माणसाचं तिकीट किरकोळ. आणि हो, तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प दाभोळात शोधू नका, तो आमच्या काठावर अंजनवेलला आहे. नाव तेवढं त्यांचं.

पूर्वी इथून होडी जायची. तिच्यात गाडी मावायचीच नाही, त्यामुळे खाडी पायी माणसाचीच होती. आता गाड्यांची उत्तम सोय झालीय आणि पायी माणूस उतरल्यावर काय करतो, हे बघायचं राहून गेलंय.

गेल्या जूनमधली गोष्ट. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून जायफळाची चार कलमं आणली. बी लावलं तर झाड नर की मादी हे कळायला वर्षं जातात, म्हणून कलमच. चारही पिशव्या पोटाशी धरून बोटीत उभी होते, वर छत्री. धोपावे हाकेवर आलं आणि समोर चढावर बस दिसली, वायपर हलत होते. दार टेकायच्या आत ती वळणाआड गेली. पुढची सव्वा तासाने! रिक्षावाला म्हणाला, "काकी, अजून दोन सीटं भरूदेत, मग निघू." सीटं कुठली भरतात? बोटीतून मोटारी उतरल्या त्या अकरा, मी मोजल्या. त्यातल्या चारांत चालवणारा एकटाच.

वेळापत्रक लावणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: बोट लागल्यावर दहा मिनिटांनी बस सोडा. बोटीच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि नसल्या तरी ती येताना दिसते, एवढं मोठं धूड. दोन्ही काठांवर तिकीट खिडकीशेजारी बसच्या वेळांचा फळा हवा, त्यावरच सीटमागे रिक्षाचा दर. खडूने लिहिला तरी चालेल. वडाप, म्हणजे सीटं भरली की निघणारी रिक्षा, चालतंच, मग त्याचा दर चारचौघांत ठरलेला काय वाईट? उतारावर पत्र्याची शेड आणि एक बाकडंही हवं. ओहोटीला बोट आणखी खाली लागते, खालची फरशी शेवाळलेली असते आणि म्हाताऱ्या माणसाला वर येताना धाप लागते.

आमच्या लेकाचं म्हणणं, स्कूटर घे म्हणजे प्रश्न मिटला. त्याचा मिटेल. मासळीची पाटी घेऊन येणारीने काय करायचं, कॉलेजच्या पोरीने काय करायचं?

त्या दिवशी शेवटी एका पुण्याच्या गाडीने काच खाली केली. "मावशी, गुहागरच ना? बसा." कलमं मागच्या सीटवर त्यांच्या लेकीच्या मांडीवर. तिने वाटभर एकेका पानाचा वास घेतला.

बोटीला पाचपैकी पाच. काठावर उतरल्यानंतरच्या सोयीला दीड, त्यातला अर्धा चहाच्या टपरीचा. कलमं तीन जगली. चौथ्याचा शेंडा उभं राहून राहून छत्रीच्या काडीने मोडला होता.