किरकोळ दुरुस्तीसाठी काय बरे: टर्मिनलमधला एजंट की एडिटरमधला सहायक?

शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने, गावोगावच्या दूध संस्था आणि चप्पल लाईनमधली दुकाने यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कोल्हापुरातल्या छोट्या कार्यालयांचा बराचसा वेळ नव्या निर्मितीपेक्षा किरकोळ दुरुस्त्यांवर जातो. बिलावर एक रकाना वाढवायचा असतो, अहवालातली बेरीज का जुळत नाही ते शोधायचे असते, किंवा छपाईत तुटणारे नाव सावरायचे असते. अशा कामांसाठी एआयची मदत घ्यायची तर दोन मार्ग समोर येतात: कोड लिहिण्याच्या एडिटरमधला सहायक, किंवा टर्मिनलमधला, म्हणजे टाइप करून आज्ञा देण्याच्या खिडकीतला, एजंट. मी दोन्ही मार्गांनी काम केले आहे आणि माझा कल आता एका बाजूला झुकला आहे.

एडिटरमधला सहायक २०२१ मध्ये आलेल्या, कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलटपासून बहुतेकांच्या परिचयाचा झाला. संपूर्ण प्रकल्प स्वतः वाचणारे, आज्ञा चालवणारे आणि फायली बदलणारे टर्मिनलमधले एजंट मात्र २०२५ पासून सर्रास वापरात आले. आता एडिटरमध्येही एजंट मिळतो, त्यामुळे मी इथे तुलना करतो आहे ती उत्पादनांची नसून पद्धतींची आहे. एका पद्धतीत कोडचा तुकडा निवडून आपण तेवढ्यापुरता बदल मागतो. दुसरीत तक्रार सांगून मोकळे होतो आणि जागा शोधण्यापासून चाचणी चालवण्यापर्यंतचे सगळे एजंटावर सोपवतो.

शोधाच्या कामात एजंट निःसंशय सरस आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यापुढच्या जोडावर १८ टक्के कर झाला. त्याआधी हजार रुपयांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के होता. म्हणजे चपलांच्या दुकानाच्या बिलिंगमध्ये दर आणि किमतीची मर्यादा असे दोन्ही आकडे बदलायचे होते, शिवाय आधीचे बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर दिसायला हवा होता. जुन्या कोडमध्ये हे आकडे छपाईच्या साच्यात, डेटाबेसच्या प्रोसीजरमध्ये आणि एक्सेलला माहिती पाठवणाऱ्या फायलीत विखुरलेले होते. एजंटाने त्या सर्व जागा एका दमात पुढ्यात मांडल्या. हे काम हाताने करताना एखादी जागा नजरेतून सुटण्याची धास्ती मला कायम वाटत आली आहे.

तरीही माझी निवड एका त्रासाने ठरवली, आणि तो त्रास म्हणजे न मागितलेला बदल.

एका दूध संस्थेच्या अहवालात पहाटेच्या संकलनातल्या सुरुवातीच्या काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेखाली दिसत होत्या. उत्पादकांचे बिल दहा दिवसांचे असल्याने दहाव्या आणि अकराव्या दिवसाच्या सीमेवरचे दूध भलत्याच बिलात जात होते, आणि संस्थेच्या सचिवांना त्याचे उत्तर सभासदांना द्यावे लागत होते. कारण साधे होते. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात होती आणि ते योग्यच होते. पण अहवालात तारीख काढण्यासाठी वापरलेले जावास्क्रिप्टचे टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शनही यूटीसीचीच तारीख देते, त्यामुळे साडेपाचच्या आधीचे दूध कालचे ठरत होते. तिथे भारतीय वेळेनुसार तारीख काढणे, एवढीच एका ओळीची दुरुस्ती होती.

एजंटाने ती ओळ अचूक शोधली. पण तो तिथे थांबला नाही. तारखांसाठी त्याने एक नवे सामाईक फंक्शन लिहिले, तारीख दिसेल त्या प्रत्येक फायलीत ते बसवले, आणि जाता जाता काही ठिकाणची मांडणीही सुधारली. त्या फायलींमध्ये संकलन केंद्रावरच्या यंत्राशी वेळ जुळवणारी फाईलही होती, आणि तिथे यूटीसीच असणे आवश्यक होते. वाचताना ते दिसले म्हणून निभावले. माझा आक्षेप चुकीइतकाच त्या वाचनावर आहे. ज्या कोडवर लोकांच्या दुधाचे पैसे ठरतात त्यातली एकही ओळ न वाचता पुढे पाठवणे मला पटत नाही, आणि एका ओळीच्या दुरुस्तीसाठी पडदेच्या पडदे तपासायचे असतील तर लिहिण्यात वाचलेला वेळ तपासण्यातच जातो.

यावर उपाय नाहीत असे नाही. 'फक्त एवढेच फंक्शन बदल, बाकी कशाला हात लावू नकोस' असे स्पष्ट लिहिले, किंवा प्रकल्पाच्या सूचनांच्या फायलीत तसा नियम घातला, तर फरक पडतो. माझ्या अनुभवात मात्र संभाषण लांबले की तो नियम सैल होतो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, विशेषतः ज्यांच्याकडे भरपूर स्वयंचलित चाचण्या आहेत त्यांचा. आमच्यासारख्यांच्या जुन्या प्रकल्पांत अशा चाचण्या फारशा नसतात, हे लक्षात ठेवावे.

एडिटरमधल्या सहायकाच्या बाबतीत हा प्रश्न मुळातच छोटा होतो. मी दहा ओळी निवडतो, काय हवे ते सांगतो, आणि गेलेल्या व आलेल्या ओळी तिथेच लाल-हिरव्या दिसतात. पटले तर स्वीकारतो, नाहीतर पुसून टाकतो. त्याची मर्यादाही खरी आहे. जागा आपल्याला माहीत असावी लागते, आणि दुसऱ्याने लिहून ठेवलेला प्रकल्प अंगावर पडला असेल तर नेमके तेच माहीत नसते.

म्हणून अनोळखी कोड असेल तेव्हा मी एजंटाला फायली बदलण्याची परवानगी न देता केवळ शोधायला लावतो, आणि जागा कळली की बदल एडिटरमध्ये करतो. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये तर एजंट उघडण्याची गरज मला क्वचितच भासते. ज्यांना दुरुस्तीही एजंटाकडूनच करून घ्यायची आहे त्यांनी निदान आधी कमिट करून ठेवावे, म्हणजे कोडची तेव्हाची स्थिती गिटमध्ये नोंदवावी, आणि काम झाल्यावर गिट डिफ ही फरक दाखवणारी आज्ञा स्टॅट पर्यायासह चालवून किती फायली बदलल्या ते पाहावे. अपेक्षेपेक्षा जास्त फायली दिसल्या तर मी तो बदल वाचत बसत नाही. सगळा मागे घेतो आणि ती एक ओळ एडिटरमध्ये बदलतो.