फुल कोर्ट प्रेस कसा फोडायचा: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत खेळल्यावर

बास्केटबॉलचा हा सिम्युलेशन गेम सेलमध्ये घेतला. ग्राफिक्स, कॉमेंट्री झकास आहे, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते फक्त प्रेसबद्दल, म्हणजे समोरचा संघ अख्ख्या कोर्टभर अंगावर येऊन बचाव करतो त्याबद्दल. शनिवारी रात्री कोथरूडला मावसभावाकडे जमलो की हा गडी तिसऱ्या क्वार्टरपासून फुल कोर्ट प्रेस लावतो आणि माझी आघाडी चहा येईपर्यंत साफ होते. व्हायची, म्हणायला हवं.

नियम गेमने चोख पाळलेत. बास्केट झाली की पाच सेकंदांत चेंडू आत टाकायचा, मग आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची. थोडक्यात, शॉट क्लॉक (फेक करायच्या मुदतीचं घड्याळ) २४ वरून १६ वर यायच्या आत. या घाईपायी माणूस टर्बो (जोरात पळायचं बटण) दाबतो आणि पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूला, साइडलाइनने पळवतो. ट्रॅप नेमका तिथेच टपलेला असतो: दोघे अंगावर, तिसरी बाजू रेषेने बंद. रेषा ओलांडून लगेच ड्रिबल थांबवला तर आणखी पंचाईत, कारण मागे पास दिला की बॅककोर्ट व्हायोलेशन, म्हणजे चेंडू परत मागच्या अर्ध्यात नेल्याचा नियमभंग.

माझी भाची डेक्कन जिमखान्यावर खेळायला जाते. तिने जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मामा, पळतोस काय सारखा? मधल्याला दे ना!"

सगळी मेख तिथेच आहे. ९४ फुटांच्या कोर्टवर पाच जण पसरले आणि त्यातले दोन चेंडूवर धावले, की मधोमध भगदाड पडणारच. तिथे उंच आणि पासिंग बरं असलेला फॉरवर्ड हवा. नुसता धिप्पाड सेंटर नको, त्याच्या हातून चेंडू सुटतो. म्हणून प्रेस दिसला की मी सेंटरला बसवतो आणि दुसरा गार्ड उतरवतो. पास आयकॉन पासनेच (ज्याला द्यायचा त्याचं बटण निवडून) द्यायचा. साध्या बटणाने गेम स्वतःच्या मनाने कोणालाही देतो. आणि मागच्या अर्ध्यात स्क्रीन (आपल्या माणसाने बचावपटूची वाट अडवणं) अजिबात मागवू नका. स्क्रीन द्यायला आपला माणूस आला की त्याच्या मागोमाग त्याचा बचावपटूही येतो, म्हणजे ट्रॅपला आयता भिडू मिळतो!

मधल्याकडे चेंडू पोचला की तो लगेच दुसऱ्या बाजूच्या गार्डला द्यायचा. आता पुढे आपले तिघं आणि त्यांचे दोघंच असतात. इथे चेंडू थांबवून सेट प्ले (आधी ठरवलेली चाल) लावत बसणं मला पटत नाही. सरळ रिंगकडे जा, नाहीतर कोपऱ्यातल्या शूटरला द्या. दोन-तीन सोप्या बास्केट बसल्या की समोरचा आपसूक प्रेस काढतो. नाही काढला तरी चौथ्या क्वार्टरला त्याच्या खेळाडूंची दमछाक झालेली दिसते, शॉट आखूड पडायला लागतात. हा थकव्याचा हिशेब या गेममधली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

तक्रार एकच, पण मोठी आहे. कॉम्प्युटरच्या हातातले आपले सहकारी प्रेसमध्ये मदतीला मागे येत नाहीत, पुढे जाऊन उभे राहतात. मधला माणूस दर वेळी जागेवर असेलच असं नाही. ऑनलाइन तर लॅगमुळे पास अर्धा क्षण उशिरा सुटतो आणि तेवढ्यात चोरी होते. तिथे मी टाइमआउट राखून ठेवतो आणि ट्रॅप बसला की सरळ घेऊन टाकतो.

मावसभावाने प्रेस सोडलाय. हल्ली २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन असा आपापली जागा धरून बचाव) लावून बसतो. त्यावर उपाय चाललाय.