खवल्या मांजराचं खाणं: वारुळाची उधई की वाटीतला लगदा?

जखमी खवल्या मांजर (पँगोलिन) उपचार केंद्रात आलं की सुरुवातीला उधईच (वाळवीच) द्यावी. ते वासावर खातं. अनोळखी लगद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. वारुळाचं ढेकूळ तसंच घमेल्यात ठेवायचं. सोबत माती पोटात जाते ती जाऊ द्यावी. दात नसलेल्या या जिवाचं दळण जठरात होतं, त्याला ती लागते. अडचण पुरवठ्याची. मे महिन्यात वारूळ सब्बलीलाही दाद देत नाही, अन् फवारलेल्या कपाशीच्या बांधावरचं वारूळ तर फुकट मिळालं तरी नको.

लगदा बारमाही, तोलून देता येतो. उकडलेलं अंडं, गोठवून मारलेल्या लाल मुंग्या (जिवंत चावतात), चिमूटभर भाजलेली माती, पाणी. मिक्सरमधून काढून जिभेला चिकटेल इतपत पातळ. दूध टाळा, हगवण लागते. मुंग्यांचं कवच कमी पडलं तरी विष्ठा पातळच. बदल हळू करायचा: नऊ भाग उधई, एक भाग लगदा, विष्ठा घट्ट राहिली तरच पुढे.

जंगलात परतणाऱ्याला उधईच बरी. घरी मात्र दोन्ही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणं गुन्हा आहे. शेतात सापडलं तर वन विभागाला कळवा.