आंतरराष्ट्रीय शिक्षण विषयातलं मास्टर्स, लंडन : वर्षभरानंतरचा अनुभव

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ भागात जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर काही वर्षं काम केल्यावर मी आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयात मास्टर्स करायला लंडनला आले. डिझर्टेशन, म्हणजे शेवटचा प्रबंध, जमा केलंय, निकाल यायचाय. ‘आम्हीही अर्ज करू का?’ असं विचारणारे बरेच फोन येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ब्रिटनमधल्या या विषयाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमांचा साचा बहुतेक सारखाच असतो: 180 क्रेडिट, दोन सत्रं वर्ग आणि उन्हाळाभर डिझर्टेशन.

माझं मत आधीच सांगते. शाळेत, केंद्रावर किंवा संस्थेत निदान तीन-चार वर्षं काम केलेलं असेल तर जरूर या. पदवी हातात पडली की लगेच यायचा विचार असेल तर थांबा. फी तेवढीच भरावी लागते, पण पदरात निम्मंच पडतं. इथे प्राध्यापकांइतकंच शेजारी बसलेल्यांकडून शिकायला मिळतं, आणि त्यांच्याशी बोलायला आपल्याकडे स्वतः पाहिलेलं काहीतरी असावं लागतं.

वर्गाची पद्धत अशी. दर आठवड्याला प्रत्येक मॉड्यूलचे, म्हणजे अभ्यासक्रमातल्या एकेका विषयाचे, दोन-तीन लेख वाचून यायचे. आधी व्याख्यान, मग पंधरा-वीस जणांचा सेमिनार. सेमिनारमध्ये शिकवणारी व्यक्ती कमी बोलते. सुरुवातीला आपल्याकडची मुलं गप्प बसतात, उत्तर पक्कं असल्याशिवाय हात वर करायची सवय नसते. हे महिना-दीड महिन्यात सुटतं.

वाचायला काय असतं? ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावरची 1990 ची थायलंडमधली जोमतिएन परिषद आणि 2000 ची सेनेगलमधली डकार परिषद, संयुक्त राष्ट्रांची 2015 ची शाश्वत विकास उद्दिष्टं, अमर्त्य सेन यांचा क्षमतांचा विचार (माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, यावरून विकास मोजायचा), पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी होणारी पिसा चाचणी आणि तिच्यामुळे देशोदेशी बदललेली धोरणं. 2001 मध्ये पिसाचे पहिले निकाल आले तेव्हा जर्मनी हादरली होती. भारताकडून 2009 च्या फेरीत फक्त हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले, तळाला राहिले, आणि पुढच्या फेऱ्यांना आपण गेलोच नाही. या एका निर्णयावर आमचा अख्खा सेमिनार झाला. माझ्या जपानी मैत्रिणीचं म्हणणं होतं की वरच्या क्रमांकावर असण्याचंही ओझं असतं, कारण मग शाळेबद्दलची बाकी कुठलीच तक्रार सरकार ऐकत नाही.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. वाचन-पडताळणीवरच्या तासाला केनियाच्या एका वर्गमैत्रिणीने फोनवर एका कागदाचा फोटो दाखवला. वर अक्षरं, खाली शब्द, मग छोटा उतारा, शेवटी गोष्ट, सगळं किस्वाहिलीत. मी म्हटलं, हा कागद घेऊन तर मी पाड्यापाड्यांवर फिरले आहे! ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून सुरू केलेली ‘असर’ पाहणी, म्हणजे मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणं, आपल्याला माहीत असते. तीच पद्धत पुढे केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ या नावाने गेली. ती मैत्रीण तिथे स्वयंसेवक होती. मग आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये बसून बोलत राहिलो: मूल अडखळलं की आजूबाजूचे मोठे लोक उत्तर पुरवतात तेव्हा तू काय करतेस, आई शेतावर असेल तर कुणाची परवानगी घेतेस, शाळेत नाव आहे पण मूल कामावर गेलंय हे कसं नोंदवतेस. मुंबईत जन्मलेल्या संस्थेचं साधन आफ्रिकेत वापरतात, हे मी आधी नुसतं वाचलं असतं तर अभिमान वाटून विषय संपला असता. तिच्याशी बोलल्यावर कळलं की अडचणीही त्याच आहेत, आणि काही ठिकाणी त्यांनी आपल्यापेक्षा चांगली तोड काढली आहे.

चिलीचा एक वर्गमित्र होता. त्याच्या देशात 1981 पासून व्हाउचर पद्धत आहे, म्हणजे मूल ज्या शाळेत जाईल तिथे सरकारी पैसा जातो. आपल्या आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने, खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांबद्दल त्याला फार कुतूहल. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून वगळलं आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. हे त्याला समजावताना मला स्वतःला पहिल्यांदा नीट समजलं. आपली गोष्ट परक्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागते तेव्हा तिच्यातली भोकं दिसतात.

तक्रारही आहे. वाचनाच्या यादीत भारताविषयीचं लेखन पुष्कळ असतं, पण भारतातल्या भाषांमधला विचार जवळजवळ नसतो. शिक्षण सक्तीचं करण्याचा इतिहास युरोपपासून सुरू होतो आणि तिथेच रेंगाळतो. म्हणून एका निबंधासाठी मी जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेलं निवेदन घेतलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, वरच्या वर्गांना शिकवलं की ते खाली झिरपेल हा समज सोडा, शेतकऱ्यांच्या मुलांतून शिक्षक तयार करा, ही मागणी त्यांनी तेव्हा केली आहे. ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पास मोफत मिळतो आणि इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, कागदपत्रं तिथेच आहेत. लंडनमध्ये शिकत असाल तर हा पास पहिल्याच महिन्यात काढा. निबंध वाचून आमच्या मॅडमनी ते निवेदन पुढच्या वर्षीच्या यादीत घ्यायचं कबूल केलं. या वर्षातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ती.

गुणांबद्दल धास्ती नको. 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन. 64 मिळाले तर ते चांगले गुण आहेत, घरच्यांना आधीच समजावून ठेवा.

डिझर्टेशनचा खरा वेळ खातो तो एथिक्सचा अर्ज, म्हणजे माणसांवर संशोधन करण्याआधी विद्यापीठाकडून घ्यायची मंजुरी. मला आदिवासी भागातल्या शिक्षकांशी आणि पाचवीच्या मुलांशी बोलायचं होतं. मुलांसाठी पालकांची लेखी संमती, शिवाय मुलाची स्वतःची वेगळी संमती, माहितीपत्रक मराठीत, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायची सोय, आवाजाच्या फायली कुठे ठेवणार आणि कधी पुसणार, सगळं लिहून द्यावं लागलं. आधी चिडचिड झाली. पण इतकी वर्षं आपल्याकडे मुलांचे फोटो आणि व्हिडिओ कुणालाही न विचारता ग्रुपवर टाकले जातात, ते आता डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलांच्या मुलाखतींना मंजुरी यायला उशीर होणार हे दिसल्यावर मी फक्त शिक्षकांवर काम केलं. ऑनलाइनच बोललो. उन्हाळ्यात इथे दुपारचा एक वाजला की तिकडे साडेपाच वाजतात आणि गुरुजी घरी पोचलेले असतात, ती वेळ जमून गेली. मुलांवर काम करायचं असेल तर अर्ज जानेवारीतच लिहायला घ्या.

आता पैसे. फीशिवाय व्हिसासाठी लंडनचा राहण्याचा खर्च दरमहा सुमारे दीड हजार पौंड धरून नऊ महिन्यांची रक्कम खात्यात सलग 28 दिवस दाखवावी लागते. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, आणि व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा चार महिने जास्त असतो म्हणून त्याचे अर्ध्या वर्षाचे पैसे धरून प्रत्यक्षात 1,164 भरावे लागतात. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. या अभ्यासाला 20 तास काम झेपत नाही, दहा-बारा ठीक. जानेवारी 2024 पासून अशा मास्टर्सवर नवरा, बायको किंवा मुलांना सोबत आणता येत नाही. माझ्या वर्गात दोन आया होत्या, दोघींची लेकरं मायदेशी. नोकरी करून आलेल्या बायकांनी हा विचार अर्जाआधीच करावा. घराचं म्हणाल तर ज्या घरमालकाने खोली न दाखवता पैसे मागितले, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

नोकरीबद्दल स्पष्ट लिहिते. शिक्षण संपल्यावर मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच मिळतील. युनेस्को किंवा युनिसेफमध्ये थेट लागलेलं माझ्या वर्गात कुणी नाही. जे आधी कुठे काम करत होते ते बहुतेक तिथेच, थोड्या वरच्या जागेवर परतताहेत. मीही नाशिकला परतणार आहे. कर्ज काढून येणार असाल तर हप्त्याचं गणित भारतातल्या संस्थेच्या पगारावर मांडा, पौंडांवर नको. आणि अर्ज करण्याआधी विभागाला मेल करून विचारा की संकेतस्थळावरच्या ऐच्छिक मॉड्यूलपैकी यंदा कोणती प्रत्यक्ष चालणार आहेत. मला भाषा आणि शिक्षणाच्या माध्यमावरचं हवं होतं, ते त्या वर्षी नव्हतंच.